मजल दरमजल: एकटीचा पहिला मुक्काम

गाडी चालवत असाल तर हा एपिसोड घरी पोचल्यावर ऐका, रस्त्यात इयरफोन नको. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा पूर्ण मजकूर.

आज एका शब्दापासून सुरू करू. मजल. 'मजल दरमजल करत फौज निघाली' हे वाक्य शाळेच्या इतिहासात आपण इतक्यांदा वाचलंय की त्यातली मजल म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारत नाही. शब्द मूळचा अरबी, मंझिल. त्याचा अर्थ उतरायची जागा. घोड्यावरून, उंटावरून, गाडीतून खाली उतरून रात्र काढायची जागा. मग हळूहळू दोन उतरायच्या जागांमधलं अंतर, म्हणजे एका दिवसात होणारा रस्ता, यालाही मजलच म्हणायला लागले. (बिल्डिंगचा मजला पण याच घराण्यातला, बरं का.) मुक्काम हा शब्दही अरबीच. म्हणजे आपल्याकडे प्रवास मोजायचा तो 'किती लांब' असा नाही, तर 'आज रात्री कुठे' असा.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे गेल्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा एकटी, मोटरसायकलवर, तंबू घेऊन एका रात्रीसाठी बाहेर पडले. छत्रपती संभाजीनगर ते म्हैसमाळचा पायथा. हसू नका. अंतर चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. मला जायचं होतं लांब, पण पप्पांनी तीन अटी घातल्या. अंतर चाळीसच्या आत. सूर्य मावळायच्या आत गाडी स्टँडवर. आणि जिथं थांबशील तिथं पाणी आणि ओळखीचं एक तरी माणूस पाहिजे.

मी म्हटलं, "पप्पा, लोक लडाखला जातात."

ते म्हणाले, "लोक जाऊ देत. तू म्हैसमाळला जा."

तेव्हा राग आला होता. नंतर या एपिसोडसाठी वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, की या अटी पप्पांच्या नाहीतच. आपल्या गावातून जाणारा हा रस्ता निदान सातशे वर्षं याच अटींवर चाललाय.

आधी गाडीबद्दल. पप्पा १९८७ साली गावाकडून वाळूजला कामाला आले. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथं सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले, त्यातल्याच एकात. गंगापूर तालुक्यातल्या वावरांमध्ये बघता बघता वसाहत झाली. आफ्रिकेतल्या कित्येक शहरांत आज बॉक्सर ही बजाजची गाडी टॅक्सी म्हणून धावते. म्हणजे आपल्याकडच्या गाड्या जगभर फिरल्या. पप्पा मात्र इतकी वर्षं दुचाकीचे भाग बनवून स्वतः कधी दुचाकीवर 'फिरायला' म्हणून गेलेले नाहीत. लग्नाला, मयताला, दवाखान्यात, पैठणला दर्शनाला, एवढंच. त्यामुळे 'काही काम नाही, नुसतं जाऊन झोपून यायचं' हे त्यांना समजावणं हाच माझा पहिला घाट होता.

सामान मात्र त्यांनीच बांधलं. मी सगळं मागच्या सीटवर उंच रचलं होतं. त्यांनी सोडलं आणि दोन पिशव्या केल्या, दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड वस्तू खाली. "बैलावर गोण टाकतात तशी टाकायची," म्हणाले. ही गोण म्हणजे आपल्या रस्त्यांचा अख्खा इतिहास आहे. ट्रक यायच्या आधी दख्खनचं धान्य आणि मीठ वाहायचे ते बंजारे, लमाण. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी जोडगोण. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या भागातून फिरला. त्यानं लिहिलंय, की बंजाऱ्यांच्या एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असायचे आणि अरुंद वाटेवर तांडा समोरून आला तर तो जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागायचं. विचार करा, दोन-तीन दिवसांचा ट्रॅफिक जॅम! आणि हे लोक रोज रात्री उघड्यावर. पाण्याजवळ उतरायचं, गोणी उतरवून त्यांचीच भिंत रचायची, माणसं आणि जनावरं आत. कॅम्पिंग हा शब्द आपण आत्ता शिकलो. पाल, राहुटी, डेरा, छावणी, तांडा हे शब्द मराठीत आधीपासून आहेत, आणि यातला एकही मौजेतून आलेला नाही. कुणाचा व्यापार, कुणाची लढाई, कुणाची भटकंती.

मौज म्हणून तंबूत राहायची कल्पना खूप अलीकडची. तिचं श्रेय ज्याला देतात तो टॉमस होल्डिंग इंग्लंडमधला शिंपी होता. लहानपणी, १८५३ मध्ये, अमेरिकेच्या माळरानावरून तो बैलगाड्यांच्या ताफ्याबरोबर गेला होता. मोठेपणी त्याला सायकलीचं वेड लागलं. सायकलीवर मावेल असा हलका तंबू त्यानं शिवला, १९०१ मध्ये सायकलवर कॅम्पिंग करणाऱ्यांचा क्लब काढला आणि १९०८ मध्ये कॅम्पिंगवर जाडजूड पुस्तक लिहिलं. मला यातलं आवडलं ते हे, की हौशी कॅम्पिंग जन्मालाच आलं दोन चाकांवर. माझा भाड्याचा दोन किलोचा तंबू त्या शिंप्याचा थेट वंशज म्हणायला हरकत नाही.

दुपारी अडीचला निघाले. नगर नाका, मिटमिटा, शरणापूर फाटा. पण शहर सोडायच्या आधी पाणचक्कीबद्दल बोलायलाच हवं. आपण तिथं पाहुण्यांना फोटो काढायला नेतो. ती ज्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात आहे, त्यांच्या नावातच मुसाफिर आहे. बुखाऱ्याकडून आलेले सूफी. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, ते उंचावरून सोडलं, त्यावर जातं फिरलं, आणि त्या पिठाच्या भाकरी कुणासाठी? तिथं राहणारे फकीर, आलेगेले यात्रेकरू, वाटसरू यांच्यासाठी. अनोळखी माणूस रात्री दाराशी आला तर त्याला खायला घालायचं, यासाठी एक मशीन बांधलेलं शहर आहे आपलं. पाणी आणि माणूस. पप्पांची तिसरी अट.

पुढे दौलताबाद. जुन्या तटबंदीतल्या अरुंद दरवाजातून गाडी काढताना माझ्या पुढे एक उसाची रिकामी ट्रॉली अडकली होती, त्यामुळे इंजिन बंद करून दहा मिनिटं तो दगडी दरवाजा बघत बसले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं हलवायचं ठरवलं. देवगिरीचं दौलताबाद झालं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, 'तुघलकी कारभार' म्हणून. पण रस्ता कसा होता, हे कुणी सांगत नाही. १३४० च्या दशकात इब्न बतूता या मार्गानं आला. तो लिहितो, की दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, चालणाऱ्याला बागेतून चालल्यासारखं वाटावं, आणि ठरावीक अंतरावर टपालाच्या चौक्या, तिथं वाटसरूला लागेल ते मिळायचं.

आता गणित करा. हजार-बाराशे किलोमीटर भागिले चाळीस. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. हीच मजल! पप्पांनी मला दिलेलं चाळीस म्हणजे दीड मजल झाली, उदारच म्हणायचे.

पण त्याच रस्त्याबद्दल बरनी हा दिल्लीचा इतिहासकार अगदी उलट लिहितो. घरदार सोडायला लावलेली माणसं वाटेत मेली, पोचली ती झुरून मेली. एकच रस्ता, तीच झाडं. बतूता फिरायला निघालेला होता, दिल्लीकरांना हाकललं होतं. दोघंही आपापल्या जागी खरंच सांगत असणार. आपल्याकडचं नान-खलिया याच फौजेबरोबर आलं असं म्हणतात. तंदूरमधली नान दिवसभर टिकते आणि खलिया मोठ्या हंड्यात हजारोंना पुरतो, तेव्हा छावणीचं जेवण म्हणून गोष्ट पटते. माझ्याकडे मात्र आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

दुसरी अट अंधाराची. जुन्या सराया तुम्ही पाहिल्या असतील तर आठवेल, चारी बाजूंनी खोल्या, मधे चौक आणि एक मोठा दरवाजा. दिवेलागणीला तो बंद. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस मुघल काळात हिंदुस्थानात आयुष्यभर राहिला. त्यानं लिहिलंय, की सकाळी दार उघडण्याआधी पहारेकरी तीनदा ओरडायचा, आपापलं सामान तपासा. कुणाचं काही गेलं असेल तर सापडेपर्यंत दार उघडायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हॉस्टेलच्या आमच्या रेक्टर मॅडम अगदी अशाच होत्या. मग वाटलं, हे दार बंद व्हायच्या आत पोचता आलं नाही, तर त्या माणसाचं काय होत असेल? अंधार पडायच्या आत पोच, हे आईबापांचं टुमणं नव्हतं, सगळ्या रस्त्याचाच नियम होता. बाई असो की बाप्या.

एकट्यानं प्रवास ही तर जवळजवळ ऐकिवातच नसलेली गोष्ट. लोक काफिल्याबरोबर जात, वारीबरोबर, लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. जे 'एकटे' गेले म्हणतात त्यांचं एकटेपणही तपासून घ्यावं लागतं. जॉन सीली नावाचा इंग्रज अधिकारी १८१० मध्ये मुंबईहून केवळ वेरूळ बघायला निघाला आणि त्यावर १८२४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. वाचायला मजा येते. पण तंबू वाहायला, ठोकायला, स्वयंपाकाला नोकर होते. साहेब एकटा, म्हणजे साहेब एकच. (पुस्तकाच्या लांबलचक नावात त्यानं वेरूळचा डोंगर ग्रॅनाइटचा म्हटलाय. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. असो.)

मग खरंच एकटं कोण फिरलं? याचं उत्तर मला घाटाच्या वर, खुलताबादला चहा पिताना आठवलं. तिथून पुढे घाट उतरला की वेरूळ. तेराव्या शतकात, खाली देवगिरीवर यादव राज्य करत असताना, चक्रधरस्वामी वेरूळला कित्येक महिने राहिले. लीळाचरित्रात गावाचं नाव येळापूर आहे. म्हाइंभटांचं हे लीळाचरित्र म्हणजे मराठीतलं पहिलं चरित्र, आणि त्याच्या पहिल्या भागाचं नावच 'एकांक'. पैठणला शिष्य जमायच्या आधी स्वामी एकटे हिंडत होते, तो काळ. शाळेतला सशाचा धडा आठवतोय? झाडाखाली बसलेत, शिकारी कुत्र्यांपुढे पळणारा ससा येऊन त्यांच्या मांडीखाली लपतो आणि ते त्याला देत नाहीत. तो एकांकातलाच प्रसंग. ना गोणी, ना सराई, ना काफिला. झाड हेच छप्पर. शिष्यांनाही त्यांनी हेच सांगितलं, देशाच्या टोकाला जाऊन झाडाखाली राहा, हिंडत राहा.

आणि गंमत पुढेच आहे. चौदाव्या शतकात महानुभावांनी 'स्थानपोथी' लिहिली. स्वामी कुठे कुठे थांबले याची नोंदवही. गावात शिरल्यावर कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, झाड कुठे, ओटा कुठे. आणि थांबण्याचे प्रकार वेगळे. बरेच दिवस राहिले तर अवस्थान. रात्र काढली तर वसती. नुसते टेकले तर आसन. देहधर्मासाठी गेले ती जागा, तिलाही शब्द आहे, परिश्रय, आणि तिचीही नोंद! मुलींनो, हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू? एकटीनं जायचं म्हटल्यावर आपल्याला पडणारा पहिला प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीत गंभीरपणे लिहून ठेवलाय. आजच्या प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये ड्रोनचे शॉट असतात, हे नसतं.

खुलताबाद सोडून म्हैसमाळचा रस्ता धरला. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला चालत येतात, ते याच खुलताबादपर्यंत. रात्रभर बायका-पोरी या रस्त्यावर असतात आणि कुणाला भीती वाटत नाही. नोव्हेंबरातल्या साध्या मंगळवारी तोच रस्ता वेगळा असतो. पाच वाजता मी शेतात पोचले. पप्पांच्या जुन्या सहकाऱ्याच्या भावाचं शेत, विहीर, पत्र्याचं घर, घरात काका, काकू आणि आजी. परिश्रयाची सोय घरामागे, पक्की.

तंबू बांधावर ठोकत होते तेव्हा आजी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या.

"घर असून बाहीर झोपायला आलीस?"

"हौस म्हणून, आजी."

"किती पैशे पडले ह्याला?"

भाडं सांगितलं, एका रात्रीचे तीनशे. आजींनी कापड बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "आमी सा सा महिने कोपीत काढले. त्याचे पैशे आमाला मिळायचे."

कोपी माहीत नसेल तर सांगते. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात, माणूस नाही, कोयता. कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची झोपडी उभी करायची, ती कोपी. हंगाम संपेपर्यंत तेच घर. आजी पंधरा हंगाम गेल्या. त्यांची थोरली मुलगी कोपीतच झाली. दुपारी दौलताबादला माझ्या पुढे अडकलेली ती रिकामी ट्रॉली मला आठवली. तिच्या मागच्या फळीवर हंडे, गोधड्या आणि एक कोंबडी बांधलेली होती. म्हणजे ती रिकामी नव्हतीच. कुणाचं तरी बिऱ्हाड चाललं होतं.

आजींनी मग माझा तंबू उपटायला लावला. बांधाच्या कडेला नाही, वर, जरा उंचवट्यावर. तोंड वाऱ्याकडे नाही. झाडाच्या वाळलेल्या फांदीखाली नाही. वरच्या अंगाला बोटभर खोल चर. "पाऊस नाही हो आजी आता," मी म्हटलं. "पाऊस इचारून येतो का?" रात्री जेवणं झाल्यावर त्या तंबूच्या दारात बसून बोलत राहिल्या. मी फोनचं रेकॉर्डिंग लावू का विचारलं, तर नको म्हणाल्या, म्हणून तुम्हाला त्यांचा आवाज ऐकवता येत नाही. एक गोष्ट सांगायला हरकत नाही म्हणाल्या. फडावर बायका पहाटे तीनला उठायच्या. काम पाचला सुरू, पण अंधार असेपर्यंत आंघोळ उरकायची, कारण आडोसा नव्हता. "भ्या वाटायचं का?" मी विचारलं. "अंधाराचं न्हाई. उजाडायचं."

त्या झोपायला गेल्यावर मी एकटी होते. कोल्हेकुई, थंडी, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आणि घरातला एक दिवा, जो काकूंनी रात्रभर मुद्दाम चालू ठेवला होता. एकदा कुत्रं जोरात भुंकलं तेव्हा बिबट्या आठवला, मग तो दिवा बघितला. पाच तास तरी झोप लागली. सहाला उजाडलं.

तुम्ही विचारणारच, म्हणून पटापट सांगते. लेणी आणि किल्ल्याच्या संरक्षित आवारात तंबू टाकता येत नाही. गौताळ्यात जायचं तर ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी घ्या, ऐनवेळी रस्त्याकडेला घुसू नका. नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं, शेकोटी नको, मी काकूंच्या चुलीवर चहा केला. खर्च झाला सहाशेच्या आत, पेट्रोल धरून. आणि लोकेशन घरी शेअर करून ठेवा, रेंज जाते.

घरी आल्यावर पप्पांनी गाडी आधी बघितली, मग मला. आजीची गोष्ट सांगितली तर गप्प बसले. मग म्हणाले, त्यांची आत्याही जायची ऊसतोडीला. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याबद्दल मी आता त्यांच्याकडून थोडं थोडं काढून घेतेय, आणि त्यांची परवानगी मिळाली तर तो वेगळा एपिसोड होईल.

पुढची मजल फर्दापूर. शंभरेक किलोमीटर. १९०९ च्या हिवाळ्यात क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आली, तेव्हा मुक्काम तंबूत होता आणि हाताशी नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखी तरुण पोरं. जुनी मुघल सराईही तिथंच आहे. पप्पांना अंतर सांगितलं तर ते म्हणाले, "तिथं कोण आहे आपलं?" शोधतेय. फर्दापूर-सोयगावकडचं कुणी ऐकत असेल तर कळवा, तंबूपुरती जागा आणि विहीर असली की झालं.